जाईचा वास : गुण की क्रिया?

साहित्याच्या वर्गात फुलाचा सुगंध बहुधा विशेषण म्हणून शिकवला जातो. फूल शुभ्र आहे, नाजूक आहे, सुगंधी आहे. जाई, जुई, मोगरा, मालती या फुलांभोवती पावित्र्य, कोमलता, संध्याकाळ, विरह असे संकेत शतकानुशतके जमत आले आहेत. 'गाथासप्तशती'तील मालतीच्या कळीभोवती घुटमळणाऱ्या भुंग्यापासून आजच्या भावगीतापर्यंत त्यांची परंपरा अखंड दिसते. परंतु संकेत एकदा पक्का झाला की चौकशी थांबते. प्रस्तुत लेखात आम्हांला ती चौकशी थोडी पुढे न्यायची आहे, आणि त्यासाठी कवितेऐवजी रसायनशास्त्राच्या इतिहासाकडे वळायचे आहे. जाईच्या फुलातून जे निघते ते नेमके काय, हे शोधताना माणसाच्या हाती काय काय आले, आणि त्याने 'सुगंधी' या विशेषणाचे काय झाले, एवढाच आमचा प्रश्न आहे. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. या इतिहासात सुगंध हा फुलाचा गुण न राहता क्रमाक्रमाने फुलाची क्रिया ठरत गेला. आणि या क्रियेशी जवळचे नाते असलेला एक नेमका शब्द आपल्या भाषेच्या पूर्वसंचितात होता. तो आपण आजही वापरतो, पण निराळ्या अर्थाने.

प्रथम नावांचा उलगडा करू. संस्कृतातील 'जाती' प्राकृतातून मराठीत 'जाई' होऊन आली, तशीच 'यूथिका' 'जुई' होऊन आली. वनस्पतिशास्त्रात जाईला 'जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरम' म्हणतात, तर संस्कृत कवींची मल्लिका, म्हणजे आपला मोगरा, 'जॅस्मिनम सांबॅक' या नावाने ओळखला जातो. यांतील 'जॅस्मिनम' हा शब्द मूळ फारसी 'यासमीन'चा युरोपीय अवतार. पुढे सांगितलेला रसायनशास्त्राचा इतिहास मुख्यतः जाईच्या फुलावर घडला आहे.

भारतीय तत्त्वचिंतनात गंधाची जागा निश्चित आहे. न्याय-वैशेषिकांच्या मते गंध हा पृथ्वीचा विशेष गुण. पाण्याला वा वाऱ्याला वास आला तर तो त्यांचा स्वतःचा नसतो, त्यांच्यात मिसळलेल्या पार्थिव अंशांचा असतो. वास वाहून नेणारे द्रव्याचे सूक्ष्म कण असतात ही कल्पना आजच्या वाचकालाही परकी वाटणार नाही. रूपाचे सात आणि रसाचे सहा प्रकार मोजणाऱ्या या दर्शनाने गंधाचे मात्र दोनच प्रकार मानले : सुरभी आणि असुरभी. शिवाय 'गुण' ही वैशेषिकांची पारिभाषिक संज्ञा आहे. गुण द्रव्याच्या आश्रयाने राहतो, स्वतः काही करीत नाही. साहित्यातील 'सुगंधी' हे विशेषण नकळत याच चौकटीत बसते. फूल हा आश्रय, सुगंध हा त्याचा गुण, आणि तो निर्विवादपणे 'सुरभी' या वर्गातला.

ज्यांना गंधद्रव्ये प्रत्यक्ष करावी लागत होती त्यांचा अनुभव वेगळा होता. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे; बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने रचलेल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या उपभोगांमध्ये गंधालाही स्थान आहे. या परंपरेतील गंगाधराचा 'गंधसार' हा ग्रंथ आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा. त्यात गंधद्रव्यांवर करावयाच्या सहा प्रक्रिया सांगितल्या आहेत : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. धूपन म्हणजे धुरी देणे. वासन म्हणजे फुलांच्या सान्निध्यात ठेवून त्यांचा वास दुसऱ्या द्रव्यात उतरवणे.

या ग्रंथाकडे आधुनिक अभ्यासकांचे लक्ष वेधले ते परशुराम कृष्ण गोडे यांनी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ते क्युरेटर. एका दुर्मीळ हस्तलिखितात त्यांना 'गंधसारा'बरोबर 'गंधवाद' नावाचा दुसरा ग्रंथ मिळाला, आणि त्या 'गंधवादा'वर चक्क मराठी टीका होती. १९४५ साली गोड्यांनी तिचा परिचय करून देताना तिचा काळ स्थूलमानाने इ. स. १३५० ते १५५० यांच्या दरम्यान ठरवला. पुढे १९८९ मध्ये आर. टी. व्यास यांच्या संपादनाखाली हे दोन्ही ग्रंथ मराठी टीकेसह बडोद्याहून प्रसिद्ध झाले. मराठी गद्याच्या प्रारंभकाळाविषयी आपण जे शिकतो-शिकवतो त्यात महानुभावांचे गद्य असते, टीकाग्रंथ असतात, पुढे बखरी येतात. गंधाच्या कृती समजावून सांगणारे हे मराठी गद्य त्या यादीत क्वचितच दिसते. त्याचा उल्लेख शेवटी पुन्हा करावा लागणार आहे.

वासनाची सर्वांत साधी रीत तिळाची. निवडून स्वच्छ केलेल्या तिळांचा थर, त्यावर ताज्या फुलांचा थर, पुन्हा तीळ, पुन्हा फुले. फुले कोमेजली की काढून नवी घालायची. असे पुष्कळदा केल्यावर ते तीळ घाण्यात घालून तेल काढायचे. उत्तर भारतात जौनपूर, गाझीपूर या भागांत चमेलीचे तेल याच पद्धतीने होत असे. फुलांतून तेल पिळून निघत नाही हे या कारागिरांना पक्के ठाऊक होते. फुलाने आपण होऊन वास सोडावा आणि तिळाने तो धरून ठेवावा, एवढीच सोय ते करीत.

याच तिळांचा दृष्टान्त भारतीय तत्त्वज्ञानात एका अवघड प्रश्नाच्या उत्तरादाखल आला. असंगाच्या 'महायानसंग्रहा'त, अनुभव संपल्यावर त्याचा संस्कार चित्तात कसा राहतो हे सांगताना, फुलांनी वासलेल्या तिळांचे उदाहरण दिले आहे. फूल आणि तीळ काही काळ एकत्र असतात. फूल नाहीसे होते. पण तीळ आता तोच गंध पुढे देण्यास समर्थ झालेला असतो. चित्तावरील या ठशाला शब्द आहे 'वासना'. तिची व्युत्पत्ती 'राहणे' या अर्थाच्या धातूकडेही नेली जाते आणि 'वास देणे' याकडेही. तिळाच्या दृष्टान्तात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. आज मराठीत 'वासना' म्हटले की लालसा एवढाच अर्थ उरला आहे. मूळ शब्दात एक प्रक्रिया होती : सान्निध्य, संक्रमण आणि नंतर उरणे.

आता युरोपकडे जाऊ. दक्षिण फ्रान्समधील ग्रास हे गाव मुळात कातडी कमावणाऱ्यांचे. सुगंधित हातमोज्यांच्या निमित्ताने तेथे अत्तराचा धंदा वाढला आणि जाईची लागवड रुजली. जाईच्या बाबतीत ग्रासच्या कारागिरांपुढेही तीच अडचण होती. वाफेच्या ऊर्ध्वपातनाने गुलाबाचे अत्तर उत्तम निघते. जाईचे फूल वाफेवर धरले की हाती थोडे येते आणि जे येते त्याचा वासही बदललेला असतो. कनौजच्या अत्तारांनी मंद आचेवर, चंदनाच्या तेलात वाफ धरून या अडचणीतून एक वाट काढली. ग्रासने दुसरी काढली. लाकडी चौकटीत बसवलेल्या काचेवर शुद्ध केलेल्या चरबीचा थर द्यायचा, त्यावर जाईची ताजी फुले मांडायची, दुसऱ्या दिवशी ती उचलून नवी मांडायची, असे हंगामभर. चरबी गंधाने संपृक्त झाली की तिच्यातून मद्यार्काने गंध वेगळा करायचा. फ्रेंच भाषेत या पद्धतीला 'आँफ्लराज' म्हणतात. तिळाच्या जागी चरबी आली एवढेच, तत्त्व वासनाचेच. त्याचे रासायनिक कारणही सोपे आहे : जाईच्या गंधाचे बहुतेक रेणू पाण्यापेक्षा तेलात आणि चरबीत सहज विरघळतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेट्रोलियमजन्य द्रावकांनी गंध खेचून काढण्याची पद्धत आली. ती झटपट होती, कमी मजुरांत होत होती. मग जुनी, वेळखाऊ रीत टिकून का राहिली? याचे उत्तर या इतिहासातील पहिला मोठा शोध आहे. १८९७ मध्ये जाक पासी या फ्रेंच संशोधकाने फुलांचे दोन वर्ग पाडले. गुलाबासारख्या फुलांत गंध तयार साठलेला असतो. जाई आणि निशिगंध यांच्यात तो साठलेला नसतो, फूल तो सतत निर्माण करीत राहते. पुढे जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हेसे याने मोजून दाखवले की तितक्याच फुलांपासून द्रावकाने जेवढे तेल मिळते त्याच्या कित्येक पट चरबीच्या पद्धतीने मिळते. द्रावकात पडलेले फूल तत्काळ मरते आणि त्या क्षणी जे असेल तेवढेच देते. चरबीवर ठेवलेले फूल खुडल्यानंतरही तासन् तास जिवंत असते आणि गंध घडवत असते. गंधद्रव्यांचा काही अंश कळीत शर्करेशी जखडलेल्या, गंधहीन स्वरूपात असतो आणि उमलताना एन्झाइमे ती बेडी तोडतात, हे पुढे मोगऱ्याच्या अभ्यासातून कळले.

या शोधाचे महत्त्व केवळ व्यापारी नाही. 'फुलात सुगंध आहे' हे विधान जाईच्या बाबतीत शब्दशः खरे नाही असे त्यातून निघते. फूल सुगंध करते. गुणाची जागा येथे पहिल्यांदा क्रियेने घेतली.

या क्रियेतून निर्माण काय होते, हा पुढचा प्रश्न. १८९९ या एका वर्षात जाईच्या तेलाविषयी बरेच काही उजेडात आले. हेसे आणि त्याचा सहकारी म्युलर यांनी दाखवले की तेलाचा मोठा भाग बेन्झिल ॲसिटेट नावाच्या एस्टरचा आहे. सोबत लिनॅलूल, बेन्झिल अल्कोहोल अशी अन्य द्रव्ये आहेत. हेसेला आणखी दोन गोष्टी सापडल्या. एक नवे कीटोन, ज्याला त्याने फुलावरूनच 'जास्मोन' हे नाव दिले. आणि दुसरी, कोणालाही बुचकळ्यात टाकणारी : इंडोल.

इंडोल तोवर अपरिचित नव्हते. १८६६ मध्ये आडोल्फ फॉन बायर याने निळीच्या रसायनाचा मागोवा घेताना ते प्रथम तयार केले होते. 'इंडिगो' आणि 'ओलियम' या शब्दांच्या जोडणीतून त्याचे नाव बनले. म्हणजे निळीच्या मार्गाने या नावात हिंदुस्थानही दडलेला आहे. मात्र हेच इंडोल आतड्यातील जीवाणू प्रथिनांच्या विघटनातून बनवतात, आणि ते विष्ठेत असते. दाट स्वरूपात त्याचा वास डांबराच्या गोळ्यांकडे आणि सडण्याकडे झुकतो. अत्यंत विरल केले की तो फुलांचा होतो. जाईच्या अर्कात इंडोल साधारण दोन-तीन टक्के असते. ते वगळून केलेली कृत्रिम जाई गोड लागते, पण निर्जीव वाटते. संध्याकाळी उमललेल्या फुलाच्या वासात जी काहीशी जड, उन्मादक, क्षणभर नकोशी वाटणारी छटा असते, तिच्यात इंडोलचा वाटा मोठा आहे.

सुरभी आणि असुरभी या दोन कप्प्यांचे येथे काय होते? एकच रेणू दोन्हीकडे आहे. कप्पा ठरतो प्रमाणाने आणि सोबतीने. जाईवर लादलेला पावित्र्याचा संकेतही येथे डळमळतो. परंतु 'पाहा, शुभ्र फुलाच्या पोटातही घाण आहे' असा विजयी सूर लावणे आम्हांला उथळ वाटते. तो सूर पावित्र्याची जुनी चौकट जशीच्या तशी ठेवून फक्त फुलाची बाजू बदलतो. इंडोल फुलात 'घाण' म्हणून नसते. वनस्पती ते बनवते ते ट्रिप्टोफॅन या आवश्यक अमिनो आम्लाच्या मार्गावर. विष्ठेतही ते त्याच आम्लाच्या विघटनातून येते. एकाच द्रव्याच्या घडण्याच्या आणि मोडण्याच्या वाटेवरची ही दोन ठिकाणे आहेत, आणि 'पवित्र' व 'अपवित्र' ही नावे आपण त्यांना बाहेरून दिली आहेत.

जास्मोनची रचना उलगडायला १९३३ उजाडले. त्या वर्षी लेओपोल्ड रुझिचका आणि माक्स फायफर यांनी ती सिद्ध केली : पाच कार्बनांचे एक वलय आणि त्याला जोडलेली पाच कार्बनांची वाकडी शेपटी. रुझिचकाला पुढे १९३९चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. परंतु सर्व ज्ञात घटक एकत्र केले तरी जाई होत नव्हती. ही उणीव १९६२ मध्ये बरीच भरून निघाली. एदुआर देमोल, एडगर लेदरर आणि मेर्सिए यांनी जाईच्या तेलातून मिथिल जास्मोनेट वेगळे केले. अर्कात त्याचे प्रमाण टक्क्याहूनही कमी. देमोलच्या कामातून त्याचा एक जवळचा कृत्रिम भाऊबंदही जन्मला, मिथिल डायहायड्रोजास्मोनेट, व्यापारी नाव 'हेदिओन'. एदमाँ रुदनित्स्का या अत्तरकाराने १९६६च्या 'ओ सोवाज'मध्ये त्याचा उपयोग केला आणि विसाव्या शतकातील अत्तरांचा बाजच बदलला.

येथे साहित्याच्या अभ्यासकाने थोडे थांबावे असे आम्हांला वाटते. बेन्झिल ॲसिटेट आजच्या जाईच्या अर्काचा पाचवा ते चौथा हिस्सा व्यापते. ते स्वस्तात तयार होते, आणि चमेलीच्या नावाने खपणाऱ्या स्वस्त साबणांत, तेलांत, उदबत्त्यांत मुबलक असते. तरीही जाईपण त्याच्यात नाही. ते आहे टक्क्या-दोन टक्क्यांच्या जास्मोनमध्ये आणि त्याहून अल्प अशा मिथिल जास्मोनेटमध्ये. इतकेच काय, १९८५ मध्ये टेरी एक्री आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी मिथिल जास्मोनेटची आरशातल्या प्रतिबिंबांसारखी भिन्न रूपे वेगवेगळी हुंगून पाहिली, तेव्हा त्यांतील एकाच रूपाला तीव्र वास असल्याचे आढळले. आणि ते रूप निसर्गात अल्पसंख्य आहे. ज्यांना एखाद्या कवीच्या प्रतिमांची गणती करून त्याचे वैशिष्ट्य सांगायचे असते त्यांनी हे ध्यानात ठेवावे. विपुल आहे ते व्यवच्छेदक असतेच असे नाही. मात्र यातून 'विश्लेषण व्यर्थ आहे' हा निष्कर्षही निघत नाही. अल्पांशाचे महत्त्व कळले तेही अधिक बारीक विश्लेषण केल्यामुळे. पृथक्करणाने फूल मरते ही तक्रार अर्धवट पृथक्करणाला लागू पडते.

यापुढचा भाग अत्तराच्या कारखान्याबाहेर घडला. १९७१ मध्ये एका बुरशीच्या द्रवात जास्मोनिक आम्ल सापडले, आणि ते वनस्पतींची वाढ रोखते असे दिसले. १९८० मध्ये जपानी संशोधकांना दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीत मिथिल जास्मोनेट मिळाले; पाने पिवळी पाडण्यात त्याचा हात होता. जाईच्या नावाचा रेणू जाईपुरता नाही, हे कळू लागले. मग १९९० मध्ये एडवर्ड फार्मर आणि क्लॅरेन्स रायन यांनी वॉशिंग्टन राज्यात केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. सेजब्रश या रानटी झुडपाच्या डहाळ्या आणि टोमॅटोची रोपे त्यांनी एका बंद पात्रात ठेवली. स्पर्श नव्हता, मध्ये फक्त हवा होती. टोमॅटोच्या पानांत किडीचे पचन बिघडवणारी प्रथिने वाढली. निरोप नेणारे द्रव्य होते मिथिल जास्मोनेट. किडीने पान कुरतडले की पेशींच्या पटलातील एका मेदाम्लापासून वनस्पती जास्मोनेटे बनवते आणि त्यांच्या आदेशाने संरक्षण उभे करते, हे चित्र पुढील वर्षांत स्पष्ट झाले. २००० मध्ये जास्मोनबाबतही असेच दिसले : तो माव्याला दूर सारतो आणि माव्याच्या शत्रूंना बोलावतो.

म्हणजे ज्याला आपण जाईचे अगदी खास अंग समजत होतो ते वनस्पतिसृष्टीच्या जखमेच्या भाषेतले शब्द निघाले. येथे 'सुगंध म्हणजे फुलाचे रुदन' असे लिहिण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. हीच जास्मोनेटे फुलाच्या परिपक्वतेसाठीही लागतात. अराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या रोपात ती बनू दिली नाहीत तर परागांचे कार्य निष्फळ होते, हे १९९६ मध्ये दाखवले गेले. इजा आणि प्रजनन, बचाव आणि आमंत्रण, या कामांसाठी वनस्पती तेच द्रव्य संदर्भानुसार वापरते. जाईने ते रात्री उडणाऱ्या पतंगांच्या दिशेने हवेत सोडले आणि माणसाच्या नाकाला ते आवडले. सुगंध ही क्रिया आहे एवढेच आता म्हणता येत नाही. ती कुणाला तरी उद्देशून केलेली क्रिया आहे, आणि तो 'कुणीतरी' आपण नाही.

साहित्याच्या दृष्टीने या इतिहासाचे फलित आम्हांला यात दिसते. फूल आपल्यासाठी दरवळते असे धरून आपण त्याच्यावर भाव लादतो, आणि मग तो भाव फुलाचा गुण म्हणून परत वाचतो. जाईच्या रसायनाचा इतिहास ही सवय मोडतो. तो कवितेला खोटे पाडत नाही. वाचकाला मात्र विचारतो की या ओळीतला सुगंध काही करतो आहे का, की नुसता चिकटवला आहे? सुगंध कोठून कोठे जातो, कशात उरतो, फूल गेल्यावर काय राहते, हे ज्या कवितेत घडते ती आणि जिच्यात 'सुगंधी' हे फक्त विशेषण आहे ती, यांतील फरक ओळखण्याचे हे एक साधन होऊ शकते.

राहिली गोष्ट शब्दाची. चरबीची पद्धत आता व्यापारातून जवळजवळ लोपली आहे. आज जाईचा अर्क मुख्यतः इजिप्तमध्ये आणि आपल्याकडे तामिळनाडूत द्रावकाने काढला जातो. पहाटे खुडलेली सुमारे सातशे किलो फुले तेव्हा कोठे किलोभर शुद्ध अर्क देतात, आणि एका किलोत फुले असतात आठ हजारांच्या आसपास. या साऱ्याविषयी मराठीत लिहायला बसले की शब्द अडतात, आणि आम्हीही वर 'आँफ्लराज' हा फ्रेंच शब्द नाइलाजाने लिहिला. पण पाचशे वर्षांपूर्वी कोणी एक टीकाकार याच भाषेत गंधाच्या कृती समजावून सांगत होता, आणि त्याच परंपरेत त्या पद्धतीसाठी 'वासन' हा शब्द सिद्ध होता. त्याचे नाव आपल्याला माहीत नाही, त्याचे गद्य आपल्या अभ्यासक्रमात नाही. फूल निघून गेले तरी तीळ वासलेले राहतात, असे जुने लोक सांगत. मराठीच्या बाबतीत ते तीळ हस्तलिखितात पडून होते. गोड्यांनी ते दाखवून दिले त्यालाही आता आठ दशके झाली. ज्ञानाचे गद्य आणि ललित गद्य यांची जी फाळणी आपण स्वाभाविक मानतो ती तितकी जुनी नाही, एवढे जरी त्यावरून मान्य झाले, तरी मराठी गद्याचा इतिहास शिकवताना 'गंधवादा'च्या टीकेला एक तास देणे अवघड वाटू नये.